प्रेग्नन्सीत काय खायचं, कशासोबत खायचं आणि कधी खायचं

पहिल्या वेळी माझं हिमोग्लोबिन 9.8 आलं होतं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मी एकही दिवस न चुकता घेतल्या आणि सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला 9.9. मला रडूच आलं. दवाखान्यातल्या वयस्कर नर्सने रिपोर्टकडे बघितलंसुद्धा नाही, एवढंच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस गं?" चहाबरोबर! सकाळी उठलं की चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, म्हणजे विसरायला नको, आणि अर्ध्या तासाने दूध आणि कॅल्शियमची गोळी. थोडक्यात, रोज सकाळी लोह पोटात घालत होते आणि लगेच चहा-दुधाने ते शोषलं जायची वाट अडवत होते.

म्हणून या लेखात डाएट चार्ट नाहीये. सोमवारी हे आणि मंगळवारी ते असले चार्ट मी दोनदा फ्रीजवर चिकटवले आणि दोन्ही वेळा चौथ्या दिवशी काढले, कारण उलट्या चार्ट बघून होत नाहीत. बहुतेक जणींना काय खायचं ते ढोबळपणे माहीत असतंच, गाडी अडते ती कशासोबत, कधी आणि कितीवर. डायबेटिस, थायरॉइड, बीपी असेल, जुळी असतील किंवा आधी काही कॉम्प्लिकेशन झालेलं असेल तर मात्र तुमच्या डॉक्टरांचा शब्द आधी, माझा नंतर.

सुरुवात ताटापासून नाही, गोळीपासून

फोलिक अ‍ॅसिड. रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि शक्यतो बाळाचा विचार सुरू केल्यापासूनच, दिवस राहायची वाट न बघता. कारण ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मणका बनतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, आणि तेव्हा कित्येक जणींना आपण प्रेग्नंट आहोत हेच कळलेलं नसतं, पाळी दोन-चार दिवस पुढे गेलीय एवढंच वाटत असतं. ती नळी नीट बंद झाली नाही तर मणक्यात दोष राहतो. 1991 साली एका मोठ्या ट्रायलमध्ये, ज्या बायकांच्या आधीच्या बाळाला असा दोष होता त्यांना फोलिक अ‍ॅसिड दिलं तर तो परत होण्याचं प्रमाण साधारण 70 टक्क्यांनी कमी झालं. अशांना, शिवाय फिट्सची काही औषधं चालू असलेल्यांना वगैरे, डोस बराच जास्त लागतो, पण तो डॉक्टरच ठरवणार, आपल्या मनाने चार-पाच गोळ्या नाही घ्यायच्या.

उशिरा कळलं म्हणून घाबरू नका, कळलं त्या दिवसापासून सुरू करा आणि निदान 12 आठवडे तरी घ्या. पालेभाज्या, डाळी, संत्री यात फोलेट (फोलिक अ‍ॅसिडचंच अन्नातलं रूप) असतंच आणि ते खायचंच आहे, पण भाजी शिजवताना त्यातलं बरंच उडून जातं म्हणून गोळीला पर्याय नाही. एक गंमत सांगते, हे जीवनसत्त्व सापडलं तेच मुळी गरोदर बायकांमुळे. ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांचा अ‍ॅनिमिया अभ्यासत होत्या, आणि 1931 साली त्यांनी दाखवून दिलं की यीस्टपासून बनवलेल्या साध्या मार्माइटने तो बरा होतो. मार्माइटमधली ती कामाची गोष्ट म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं.

पहिले तीन महिने: जे पोटात राहील ते अन्न

साधारण सहाव्या आठवड्याला मळमळ सुरू होते, नवव्याच्या आसपास कळस गाठते आणि बहुतेकींची 14-16 आठवड्यांपर्यंत उतरते. त्याला मॉर्निंग सिकनेस म्हणतात, पण मला संध्याकाळी सहाला यायचा तो, अगदी घड्याळ लावल्यासारखा. या काळात जास्तीच्या कॅलरीज जवळपास लागतच नाहीत, त्यामुळे आठवडाभर तुम्ही टोस्ट, बटाटा आणि भातावर काढलात तरी बाळ उपाशी राहत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर निम्मं टेन्शन वाचलं असतं.

माझ्या कामी आलं ते सांगते. रात्री उशाशी डबीत चार कोरडी बिस्किटं ठेवायची आणि सकाळी डोळे उघडले की आडव्या अवस्थेतच दोन खायची, मग पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहायचं आणि मग हळू उठायचं. गादीत चुरा होतो, होऊ दे. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते आणि गच्च भरलं तरी वाढते, म्हणून दर दोन-अडीच तासांनी वाटीभरच खायचं. गरम जेवणाचा वास सहन होत नसेल तर तेच अन्न थंड करून खाऊन बघा, वास कमी येतो. पाणी जेवताना ढसाढसा न पिता दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट. आल्याने बऱ्याच जणींना फरक पडतो, आणि व्हिटॅमिन बी6 ची गोळीसुद्धा यासाठी देतात पण विचारून घ्या.

मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीनेच उलटी होत असेल तर ती रात्री झोपताना घ्या. आणि गोळीत लोह असल्यामुळे त्रास होतोय असं वाटलं तर डॉक्टरांना सांगून काही आठवडे नुसतं फोलिक अ‍ॅसिड चालू ठेवता येतं.

पण एक रेघ आखून ठेवा. दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाहीये, आठ तासांत लघवी नाही किंवा अगदी गडद होतेय, उभं राहिलं की चक्कर येतेय, वजन आधीच्या वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त उतरलंय, यातलं काहीही असेल तर "सगळ्यांनाच होतं गं" म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सलाइन लावून दोन दिवसांत माणूस उभं राहतं.

पाणी, चहा, कॉफी

दिवसाला साधारण 8 ते 12 ग्लास, म्हणजे दोन ते तीन लिटर. मोजायचा कंटाळा येत असेल तर लघवीचा रंग बघा, फिका पिवळा म्हणजे ठीक, गडद म्हणजे पाणी कमी पडतंय. (मल्टिव्हिटॅमिनमुळे कधी कधी भडक पिवळी होते, ते वेगळं.)

कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवा. इन्स्टंट कॉफीच्या एका मोठ्या मगात साधारण 100, फिल्टर कॉफीच्या मगात 140, चहाच्या मगात 75, कोलाच्या कॅनमध्ये 40 मिलिग्रॅम असतं. म्हणजे सकाळ-संध्याकाळ चहा घेणारी आरामात बसते पण दोन मग फिल्टर कॉफी घेणारी बाहेर जाते. एनर्जी ड्रिंक नकोच. हर्बल टी म्हणजे बिनधास्त असंही नाही, कित्येक वनस्पतींची गरोदरपणातली नीट माहितीच नाहीये, आणि "नैसर्गिक आहे" हा काही सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

दारूबाबत लांबण लावत नाही. किती घेतली तर चालते याचा सुरक्षित आकडा कोणालाच माहीत नाही, म्हणून शून्य.

दुसऱ्या तिमाहीपासून ताट

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे वाक्य ज्या प्रेमाने म्हटलं जातं त्या प्रेमाचा मान ठेवून सांगते, दुसरा जीव या वेळी लिंबाएवढा आहे. दुसऱ्या तिमाहीत दिवसाला साधारण 340 कॅलरीज जास्त लागतात आणि तिसऱ्या तिमाहीत साधारण 450. आता 340 म्हणजे काय, तर दोन उकडलेली अंडी, एक ग्लास दूध आणि एखादं छोटं फळ. बस, एवढंच! एक जादाचा नाश्ता झाला, जादाचं जेवण नाही.

उलट टोकही नको. वजन वाढेल म्हणून डाएटिंग करायची ही वेळ नाही. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला होता, तेव्हा शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्या आयांची बाळं कमी वजनाची जन्मली, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी होत्या त्यांच्यात मोठेपणी हृदयविकार जास्त दिसला. मळमळीत चार दिवस कमी खाल्लं त्याची ही गोष्ट नाही हं, महिनोन्‌महिने चाललेल्या उपासमारीची आहे.

मी ताट असं भरायचे: अर्ध्यात भाज्या आणि फळं, पाव भागात धान्य आणि उरलेल्या पाव भागात प्रोटीन. हे प्रोटीनच बहुतेक ठिकाणी मार खातं. दिवसाला साधारण 70 ग्रॅम लागतं आणि एका अंड्यात 6, ग्लासभर दुधात 8, वाटीभर शिजवलेल्या डाळीत किंवा चण्यात दाटपणानुसार 8 ते 15, चिकनच्या 100 ग्रॅम शिजवलेल्या तुकड्यात 30 च्या आसपास. शाकाहारी असाल तर हिशोब जमतो पण आपोआप जमत नाही, प्रत्येक खाण्यात डाळ, कडधान्य, दही, पनीर, सोयाबीन, दाणे यातलं काहीतरी असलं पाहिजे, फक्त दुपारी नाही. दूध-अंडीसुद्धा न खाणाऱ्यांनी व्हिटॅमिन बी12 ची गोळी घ्यायलाच हवी, ते वनस्पतीत मिळत नाही.

दोन गोष्टी कोणी फारशा बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. एक आयोडीन, दिवसाला 250 मायक्रोग्रॅम, बाळाच्या मेंदूसाठी. साधं आयोडीनयुक्त मीठ वापरत असाल तर बराच प्रश्न सुटतो, पण फॅन्सी गुलाबी मिठात आणि समुद्री मिठात ते बहुधा नसतं. दुसरं कोलीन, हेही बाळाच्या मेंदूला लागणारं पोषकद्रव्य, दिवसाला 450 मिलिग्रॅम, कित्येक मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते नसतं किंवा चिमूटभर असतं, आणि अंड्याच्या बलकात एका वेळी साधारण 150 मिळतं. म्हणून बलक फेकू नका गं.

आणि ते महागडे प्रेग्नन्सी पावडरचे डबे? मागच्या बाजूचं लेबल वाचा, साखर कितव्या नंबरला लिहिलीय ते बघा, मग ठरवा.

लोह आणि कॅल्शियम: यांना एकत्र बसवू नका

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण 40-50 टक्क्यांनी वाढतं, त्यात पातळ भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो म्हणून हिमोग्लोबिन थोडं खाली येणं साहजिक आहे, पण 11 च्या खाली गेलं (मधल्या तीन महिन्यांत 10.5) तर त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच गरोदर बायकांना रोज 30 ते 60 मिलिग्रॅम लोह सुचवते.

माझं टाइमटेबल त्या नर्सने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, जसंच्या तसं देते. सकाळी अकराला, म्हणजे नाश्ता होऊन दोन तास झाले की, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा संत्र्याबरोबर. तिच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी बंद. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणासोबत, दूधही तेव्हाच. अ‍ॅसिडिटीची गोळी लागलीच तर तीही लोहापासून दोन तास लांब. बास, बाकी काही बदललं नाही, गोळीची कंपनीसुद्धा तीच, आणि पुढच्या सहा आठवड्यांत मी 11.2 वर आले.

रिकाम्या पोटी गोळी सोसत नसेल तर थोडं काहीतरी खाऊन घ्या, कमी शोषलं गेलं तरी उलटून पडण्यापेक्षा बरं. शी काळी होते, घाबरू नका. जेवणातल्या लोहालाही हीच जोडी लावा, डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा, सोबत टोमॅटो किंवा सिमला मिरची घ्या, चहा मागाहून. मांस-मासे खात असाल तर त्यातलं लोह सहज शोषलं जातं. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं ही समजूत मात्र सोडा, बीट चांगलंच आहे पण त्यात लोह फार नसतं.

माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतोय? लाजू नका, डॉक्टरांना सांगा. यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता निघते.

कॅल्शियम दिवसाला 1000 मिलिग्रॅम. ग्लासभर दुधात साधारण 300. दूध नको वाटत असेल तर दही, चीज, तीळ, कॅल्शियम घातलेलं सोया दूध.

काय टाळायचं, आणि का

नुसती यादी पाठ केली तर बाहेर जेवायला गेल्यावर गोंधळ होतो, कारण माहीत असलं की स्वतःच ठरवता येतं.

पहिलं कारण लिस्टेरिया. हा जंतू हट्टी आहे, फ्रीजच्या थंडीतही वाढतो, आईला साधा फ्लू झाल्यासारखं वाटतं पण गर्भपात होऊ शकतो. म्हणून कच्चं दूध आणि त्याचं चीज नको, ब्री-कॅमंबेरसारखी मऊ चीज नकोत, आणि थंडच खायचे मांसाचे स्लाइस, स्मोक्ड मासे नकोत. वाफा येईपर्यंत गरम केलं तर हा जंतू मरतो, त्यामुळे गरमागरम खाता येतं. पाश्चराइज्ड दुधाचं कडक चीज, पनीर चालतं.

दुसरं टॉक्सोप्लाझ्मा, हा परजीवी कच्च्या मांसात, मातीत आणि मांजराच्या शीत असतो. मांस आतून गुलाबी राहता कामा नये, भाज्या-फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, सोलायची असली तरी आधी धुवायची कारण सुरी सालीवरची घाण आत नेते. घरात मांजर असेल तर तिचा ट्रे दुसऱ्या कोणाला तरी साफ करू द्या, नऊ महिन्यांची हक्काची सुट्टी!

तिसरं साल्मोनेला, हा पोट बिघडवणारा जंतू. कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं, त्याचं घरचं मेयोनीज, केकचं चाटून खायचं बॅटर. मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नका, मोड येतात त्याच उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात, शिजवून मात्र खुशाल खा.

चौथा पारा. शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकरेल असे मोठे मासे आयुष्यभर छोटे मासे खाऊन पारा साठवतात, ते नको. पण म्हणून मासेच बंद करू नका, ही चूक खूप जणी करतात. सार्डिन, सॅमनसारखे कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण 225 ते 340 ग्रॅम, नीट शिजवून, कारण त्यातलं ओमेगा-3 बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना हवं असतं.

पाचवं व्हिटॅमिन ए चा रेटिनॉल प्रकार. लिव्हरमध्ये आणि कॉड लिव्हर ऑइलमध्ये तो इतका असतो की बाळाला इजा होऊ शकते. गाजराची भीती नको, त्यातलं बीटा कॅरोटीन वेगळं.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि एकदाच गरम करायचं. शेंगदाण्याचं मात्र उगाच घाबरवतात, तुम्हाला स्वतःला अ‍ॅलर्जी नसेल तर खा.

वजनाचा काटा

प्रेग्नन्सीआधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) 18.5 ते 24.9 असेल तर पूर्ण काळात 11.5 ते 16 किलो वाढ चांगली मानतात. त्याच्या खाली असेल तर 12.5 ते 18, 25 ते 29.9 असेल तर 7 ते 11.5, आणि 30 च्या पुढे 5 ते 9. हे एका बाळासाठी. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर, बास. रोज काट्यावर चढून मूड घालवू नका. एका आठवड्यात अचानक दोन किलो चढलं आणि सोबत चेहरा-हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यासमोर चमकतंय असं असेल तर तो खाण्याचा प्रश्न नाही, बीपीचा असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

24 ते 28 आठवड्यांत ग्लुकोज पिऊन शुगरची टेस्ट होते. माझ्या धाकट्या जावेची पॉझिटिव्ह आली आणि तिने घाबरून भात, ब्रेड, फळं सगळंच बंद केलं, मग आहारतज्ज्ञ बाईंनी तिला उलटं समजावलं, कार्बोहायड्रेट बंद नाही करायचे, तीन जेवणांत आणि दोन-तीन छोट्या खाण्यांत वाटायचे, एकटे खायचे नाहीत, सोबत प्रोटीन घ्यायचं, ज्यूसऐवजी अख्खं फळ, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. तिची शुगर तेवढ्यावर आवरली, सगळ्यांची आवरत नाही, मग इन्सुलिन लागतं आणि त्यात तिची काही चूक नसते.

शेवटचे महिने: जागाच उरत नाही

सातव्या महिन्यानंतर पोट वर सरकतं आणि चार घासात भरल्यासारखं होतं, म्हणजे पुन्हा पहिल्या तिमाहीचीच युक्ती, थोडं थोडं, पाच-सहा वेळा. छातीत जळजळ होत असेल तर झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवण उरका, उशी उंच करा, डाव्या कुशीवर झोपा. तळलेलं आणि तिखट कमी केलं की फरक पडतो, आणि तरी नाही पडला तर सहन करत बसू नका, यावर चालणारी औषधं आहेत.

बद्धकोष्ठतेला प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणात वाढणारं हार्मोनही जबाबदार आणि आपली लोहाची गोळीही. फायबर दिवसाला 25 ते 28 ग्रॅम लागतं, सालासकट फळं, कडधान्यं, ओट्स, भिजवलेले सुके प्रून, पण सोबत पाणी वाढवलं नाही तर उलट गच्च होतं. पायावर सूज आली म्हणून मनानेच मीठ तोडू नका आणि पाणीही कमी करू नका.

लोहाची गोळी डिलिव्हरीनंतरही 6 ते 12 आठवडे चालू ठेवायला सांगतात, मी पहिल्या वेळी दवाखान्यातून घरी येताच बंद केली होती. अंगावर पाजताना भूक प्रेग्नन्सीपेक्षा जास्त लागते, दिवसाला साधारण 330 ते 400 कॅलरीज जादा, आणि तहान तर बाळाने तोंड लावल्या क्षणी लागते, तेव्हा नेमके दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली जिथे पाजायला बसता तिथे हाताशी आधीच भरून ठेवा.